फूल, दोन पाने आणि एक हजार पंचवीस माणसे

डिसेंबर लागला की आपल्या घरातल्या कॅलेंडरवर दोन तारखा आधी डोळ्यांत भरतात. ६ तारखेची चैत्यभूमी आणि २५ तारखेचे महाडचे मनुस्मृती दहन. आम्हा वरंधकरांना महाड म्हणजे बाजाराचे गाव. तिथे उतरले की मुंबई-गोवा हमरस्ता लागतो आणि पोलादपूरवरून तो थेट गोव्याला जातो. त्या गोव्याची तारीख १९ डिसेंबर. १९६१ साली याच दिवशी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली आणि गोवा मोकळा झाला.

पण त्याच दिवशी, १९ डिसेंबर १९६१ ला, दूर इंडोनेशियात अध्यक्ष सुकार्नो यांनी योग्यकर्ता शहरातून एक हुकूम सोडला. पश्चिम न्यू गिनी ताब्यात घ्या! तिथल्या पापुआ लोकांनी अठराच दिवस आधी, १ डिसेंबरला, डच झेंड्याशेजारी आपला पहाटताऱ्याचा झेंडा प्रथमच उभारला होता. एका दिवसात दोन दारे. एक उघडले, दुसरे बंद व्हायला लागले.

वाचकहो, कुठले हे पापुआ आणि आपला त्यांचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर न्यू गिनी नावाचे प्रचंड बेट आहे. तिथल्या आणि आसपासच्या बेटांना गोऱ्यांनी नाव दिले मेलनेशिया, म्हणजे काळी बेटे. माणसांच्या कातडीचा रंग पाहून मुलखाला नाव ठेवायचे! बाहेरच्यांनी ठेवलेल्या नावांचा अनुभव आपल्यालाही आहे, तेव्हा यावर जास्त सांगायला नको.

या बेटाचा पश्चिम भाग डचांकडे होता. डच त्यांना हळूहळू स्वराज्य देणार म्हणत होते. इंडोनेशिया म्हणे, डचांचे जे जे होते ते सारे आमचे. रशियाने इंडोनेशियाला शस्त्रे दिली. अमेरिकेला भीती की हा देश साम्यवाद्यांच्या कच्छपी लागेल, म्हणून केनेडींनी डचांवर दाब आणला. भारत सरकारचा कलही इंडोनेशियाकडेच होता. शेवटी १५ ऑगस्ट १९६२ ला न्यूयॉर्कमध्ये करार झाला. सह्या डचांच्या आणि इंडोनेशियाच्या. ज्यांचा मुलूख, त्यांच्यापैकी एकाचीही नाही. करारात एक कलम मात्र चांगले होते. इंडोनेशियाबरोबर राहायचे की नाही हे १९६९ अखेरपर्यंत लोकांना विचारायचे, आणि त्यात सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना भाग घेऊ द्यायचा.

झाले काय? १९६९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सुमारे आठ लाख लोकांच्या वतीने एक हजार पंचवीस माणसे निवडली गेली. निवड सरकारी देखरेखीखाली. त्यांना वेगळे ठेवले, भेटवस्तू दिल्या, दम भरला. मग लष्करी अधिकाऱ्यांच्या देखत बैठका भरवल्या. मतपत्रिका नाही, पेटी नाही. ‘मुशावरा’ म्हणतात त्याला तिकडे, आपली मसलत. सर्व सभांत सर्वांनी एकमुखाने सांगितले, आम्हाला इंडोनेशियातच राहायचे आहे. एकही माणूस विरोधात नाही! हजार माणसांत एकही वेगळे मत निघत नाही तेव्हा तिथे मत विचारलेच गेलेले नसते. त्याच्या दोन वर्षे आधी, १९६७ लाच, तिथला तांब्याचा डोंगर खोदायचा करार फ्रीपोर्ट या अमेरिकन कंपनीशी होऊन गेला होता.

आपल्याला टोचणारी गोष्ट पुढेच आहे. त्या वेळी संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस होते ब्रह्मदेशाचे ऊ थांट. आचरणाने बौद्ध, शांततेचा माणूस. १९६२ च्या क्यूबा प्रकरणात त्यांनी केलेली धडपड जग जाणते आणि बौद्ध म्हणून आपल्याला त्यांचा अभिमान आहे. पण त्यांच्या कार्यालयानेच हा मुशावरा चालवून घेतला. तेव्हाचे त्यांचे एक वरिष्ठ सहकारी भारतीय होते, सी. व्ही. नरसिंहन. २००१ साली त्यांनीच कबूल केले की ती सगळी रंगसफेदी होती, संघाला ते लचांड लवकर गळ्यातून काढायचे होते. १९ नोव्हेंबर १९६९ ला आमसभेत ८४ देशांनी त्याची नोंद घेतली, ३० तटस्थ राहिले, विरोधात कोणी नाही. अभिमान ठेवावा, पण डोळे झाकून नव्हे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात शलाका वाटून मत घेण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि त्यातला एक गुप्त मताचा आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी भिक्खूंना जी रीत ठाऊक होती ती पापुआंना १९६९ मध्ये मिळाली नाही.

कारण काय दिले? ही माणसे डोंगरातली, अडाणी, पाषाणयुगातली. एक माणूस एक मत त्यांना झेपणार नाही. हे शब्द कुठे ऐकल्यासारखे वाटतात ना? आपल्या पणज्यांच्या काळी मत होते ते शेतसारा भरणाऱ्याला आणि मालमत्तावाल्याला. म्हणून बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो कमिटीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली आणि १७ मे १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात प्रौढ मताधिकारच मागितला. तो मिळाला आणि १९५२ च्या पहिल्याच निवडणुकीत उत्तर मुंबईतून ते स्वतः हरले. तरी कुणाचे मत काढून घ्या असे त्यांनी म्हटले नाही.

आता जर-तर. आत्याबाईला मिशा असत्या तर, असे म्हणून लोक हसतात. हसू द्या. पापुआंना खरे मत मिळाले असते तर काय झाले असते, हे पाहायला कल्पनाही लागत नाही. त्याच बेटाचा पूर्व भाग ऑस्ट्रेलियाकडे होता. तसेच डोंगर, तशीच शेकडो भाषा बोलणारी माणसे. तिथे १९६४ सालीच प्रौढ मताधिकाराने निवडणूक झाली आणि १६ सप्टेंबर १९७५ ला पापुआ न्यू गिनी स्वतंत्र झाला. पश्चिमेच्या लोकांनी इंडोनेशियाच निवडला असता की स्वातंत्र्य, तो त्यांचा प्रश्न. ‘झेपणार नाही’ ही सबब तेवढी खोटी होती.

उलट बाजूचे जर-तर गोव्यात आहे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे तर फूल, केंद्रशासित राहायचे तर दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. भाऊसाहेब बांदोडकर आणि त्यांच्यामागचा बहुजन समाज हरला, इकडे मराठी माणूस हळहळला. आम्हीही फुलाच्याच बाजूचे. पण क्षणभर धरा की पापुआसारखी रीत गोव्यात लावली असती. गावोगावचे निवडक प्रतिष्ठित बोलावले असते. भाटकाराच्या जमिनीत ज्याचे खोपट, त्या मुंडकाराला भाटकारासमोरच हात वर करायला लावला असता. फूल जिंकले असते तरी ते मुंडकाराचे फूल नसते. तसे झाले नाही, म्हणून हरलेल्या बांदोडकरांनी काही आठवड्यांतच पुन्हा निवडणूक जिंकली आणि ते मुख्यमंत्री झाले.

आणि मुशावरा काही समुद्रापलीकडेच होतो असे नाही. आपल्याकडे ग्रामपंचायत लागली की देवळात बैठक बसते आणि बौद्धवाडीला निरोप येतो, ‘यंदा बिनविरोध करायचं ठरलंय.’ कोणी ठरवले? कुठे विचारले? अर्ज भरलात तर गाव फोडणारे तुम्ही. पुढे पाणी, वाट, दुकानातली उधारी. रायगड जिल्ह्याला वाळीत टाकणे नवे नाही. २०१६ साली राज्याला त्यावर कायदा करावा लागला. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळीत तर सरपंचपदाची बोलीच लागली. २०२१ च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगाने त्या दोन्ही निवडणुका रद्द केल्या.

पापुआत रद्द करणारा कोणी नव्हता. फिलेप कर्मा नावाच्या तिथल्या सरकारी नोकराने १ डिसेंबर २००४ ला तोच पहाटताऱ्याचा झेंडा भर सभेत फडकवला. शिक्षा झाली पंधरा वर्षांची. २०१५ मध्ये ते सुटले, २०२२ मध्ये वारले. झेंड्यावर बंदी आहेच.