बिल्ला मुलाचा, तर वहीही मुलाचीच

स्काऊटच्या बाहीवरील प्रावीण्याचा बिल्ला हे एक विधान असते. 'ही गोष्ट मला येते', असे तो मुलगा त्या कापडाच्या तुकड्याने चारचौघांत सांगत असतो. ज्याने विधान केले त्यानेच ते सिद्ध करावे, हा आम्हां वकिलांचा पहिला पाठ. आज कित्येक पथकांत मात्र विधान मुलाचे, सही मास्तरांची आणि वही वडिलांनी भरलेली, असा विचित्र संसार चालू आहे. हा प्रकार आम्हांस केवळ गैरशिस्तीचा वाटत नाही. आमच्या मते तो मुलावर केलेला अन्याय आहे.

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, आदिलाबाद मागे टाकल्यानंतर आणि निर्मल येण्यापूर्वी, नेरडीगोंडा हे गाव लागते. मराठी, तेलुगू, गोंडी, लंबाडी अशा अनेक बोली या टापूत कानी पडतात. जवळच कुंतला येथे कडेम नदी सुमारे ४५ मीटर उंचीवरून खाली झेपावते. या भागातील एका शालेय शिबिरास जाण्याचा योग आम्हांस आला असता एका मुलाची प्रगतीची वही आम्ही सहज चाळली. नोंदी तीन वर्षांच्या. परंतु शाई एक, अक्षर एक, आणि तेही अक्षर त्याचे नव्हे! 'पोहणे' या शब्दापुढे तारीख, सही आणि 'उत्तीर्ण' असा शेरा. आम्ही विचारले, "कोठे शिकलास रे पोहायला?" मुलगा ओशाळून म्हणाला, "मला पोहायला येत नाही, साहेब. वही बाबांनी लिहिली."

त्याच्या शेजारी बसलेल्या मुलाची वही जवळजवळ कोरी होती. परंतु नदीचे पाणी एकाएकी गढूळ झाले की वर कोठेतरी पाऊस झाला असे समजावे आणि तत्काळ पात्राबाहेर यावे, हे त्याने आम्हांस न विचारता सांगितले. ज्याला येत नव्हते त्याची वही भरलेली, आणि ज्याला येत होते त्याची रिकामी! कुंतल्याच्या डोहांत माणसे बुडाल्याच्या बातम्या आजवर अनेकदा आल्या आहेत. उद्या तेथे कोणी हाक मारली, तर लोक बिल्ला पाहून कोणाकडे धाव घेतील? खोट्या नोंदीचे मोल अशा प्रसंगी कोणाच्या तरी प्राणांनी चुकवावे लागते.

आणि एक गोष्ट विसरू नये. तो मुलगा आमच्याशी खरे बोलला. खोटे होते ते वहीत, आणि ते लिहिले होते वडीलधाऱ्यांनी. स्काऊटचा पहिला नियमच विश्वासपात्रतेचा. आणि त्याच नियमाची पायमल्ली आम्ही मुलाच्या हातून, त्याच्याच नावे करवीत आहो.

बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरविले, तेव्हा मुलांचे लहान संघ पाडून प्रत्येक संघाची जबाबदारी एका मुलावरच टाकली. बिल्ला देताना कामाच्या सफाईपेक्षा मुलाने स्वतः केलेल्या धडपडीला मोल द्यावे, असे त्यांचे मत होते. १९०९ साली ही चळवळ भारतात आली, ती प्रथम गोऱ्यांच्या मुलांपुरती. हिंदी मुलांस तिचे दार बंद होते. म्हणून १९१६ साली ॲनी बेझंट यांनी, आणि १९१८ साली पंडित मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांनी, आमच्या मुलांसाठी निराळ्या संस्था उभ्या केल्या. पुढे ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एकच संस्था झाली. आमची मुले विश्वासास पात्र आहेत, हाच त्या साऱ्या खटाटोपाचा अर्थ नव्हता काय? परक्यांनी दाखविलेला जो अविश्वास आमच्या वडिलांस झोंबला, तोच आज आम्ही आपल्या मुलांवर, मायेच्या नावाखाली दाखवीत आहो!

याचे कारण उघड आहे. प्रवेश, मग तीन सोपान, पुढे राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार, ही पायरीपायरीची रचना मुलाच्या वाढीसाठी आहे. परंतु रेल्वेच्या नोकरीत स्काऊटांसाठी काही जागा राखीव असतात, शाळेच्या अहवालात पुरस्कारांची संख्या शोभून दिसते. आणि मग पायरी चढण्यापेक्षा पायरीचा दाखलाच मोठा होऊन बसतो.

दाखल्याच्या या भक्तांस आम्ही एक जुने कलम दाखवू. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ३४ असे सांगत होते की, नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतील नोंद पुराव्यात घेता येईल, परंतु केवळ त्या नोंदीवरून कोणावर देणे लादता येणार नाही. त्या कायद्याची जागा २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी हे तत्त्व कायम राहिले. सावकाराच्या वहीस जो कायदा एकटीने उभी राहू देत नाही, त्या कायद्याच्या देशात मुलाच्या वहीतील परक्या हाताची नोंद आम्ही ब्रह्मवाक्य मानावी काय?

कोणी म्हणेल, मुले वह्या हरवतात. ज्यांच्या घरी फळी नाही, पेटी नाही, त्यांनी त्या ठेवाव्या कोठे? आक्षेप खरा आहे, आणि नेरडीगोंड्यासारख्या ठिकाणी तो अधिकच खरा आहे. परंतु त्याचे उत्तर वही काढून घेणे हे नव्हे. अमेरिकेत ईगल स्काऊट होण्यास २१ बिल्ले लागतात. तेथे एका बिल्ल्याच्या पत्रिकेचे तीन भाग करण्याची पद्धत चालत आली आहे: एक पथकाकडे, एक परीक्षकाकडे आणि एक खुद्द मुलाकडे. परीक्षकाकडे जाण्याचे काम मुलाचेच. तेव्हा पथकाने आपली प्रत जरूर ठेवावी, ती संगणकात ठेवली तरी आमची ना नाही. मात्र ती प्रतच असावी. मूळ मुलाजवळ राहावे.

दुसरा आक्षेप असा की, मुलावर सोपविले तर तो मागे पडेल. पडो! बारा वर्षांच्या वयात एक बिल्ला चुकल्याने कोणाचे आयुष्य बुडाले आहे? 'माझे काम राहिले, कारण मी ते केले नाही', हे वाक्य ज्याला त्या वयात उच्चारता आले, त्याला पुढे सबबी शोधाव्या लागत नाहीत. ज्याचे सारे इतरांनी भरून दिले, तो मोठेपणी आमच्या कचेरीत येतो आणि न वाचता केलेल्या सहीचे परिणाम आम्हांस विचारतो!

व्हिव्हियन बोस नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. आणि हेच गृहस्थ भारत स्काऊट्स आणि गाईड्सचे राष्ट्रीय आयुक्तही झाले. अशा न्यायाधीशास मुलांच्या या खेळात वेळ घालवावासा वाटला, त्या खेळात आम्ही खोटे दस्तऐवज करू नयेत, एवढीच आमची मागणी आहे. नोंद मुलाच्या हातची असावी. परीक्षकाने डोळ्यांनी पाहिल्यावाचून सही करू नये. संघनायकांच्या मानसभेने बिल्ला देण्यापूर्वी मुलास, वही मिटवून, 'करून दाखव' असे म्हणावे.

त्या मुलाच्या वहीतले ते पान कोणी फाडू नये. 'उत्तीर्ण' या शब्दावर त्याने स्वतः रेघ ओढावी आणि आपल्या अक्षरात लिहावे, 'अजून येत नाही'. त्याच्या प्रगतीची पहिली खरी नोंद तीच ठरेल.