विश्लेषण : स्टँडअप कॉमेडियनने स्पर्धेत उतरावे का?

2005 मध्ये 'स्टार वन'वरील 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज'चे पहिले पर्व सुनील पाल यांनी जिंकले. राजू श्रीवास्तव तिसरे आले. तरीही पुढे 'गजोधर' घराघरांत पोहोचला तो श्रीवास्तव यांचाच. कपिल शर्मा 2007 मध्ये याच कार्यक्रमाचे विजेते ठरले, पण स्वतःच्या नावाचा शो सुरू व्हायला 2013 उजाडले. स्पर्धा ओळख देते, कारकीर्द नाही, हे यातून दिसतेच. मग नव्या कलाकाराने त्यात पडावे का?

खर्च होतात ती मिनिटे

नवख्याकडे हमखास हशा मिळवणारी दहा-पंधरा मिनिटे असतात. महिनोन् महिने ओपन माइकवर आपटून, कापून, पुन्हा जोडून ती तयार झालेली असतात. टीव्ही किंवा ओटीटीवरची स्पर्धा दर भागाला नवा मजकूर मागते. 'कॉमिकस्तान'मध्ये तर प्रत्येक भागाला विनोदाचा प्रकारही बदलतो. एकांकिका स्पर्धेतून आलेल्या मुलांना हा फरक सुरुवातीला कळत नाही. एकांकिका करंडक हरली तरी तिचे प्रयोग पुन्हा लागतात. विनोदाचे तसे नाही. पंच एकदा लाखो मोबाइलवर वाजला की तिकीट काढून आलेला प्रेक्षक तो आधीच ओळखतो.

दुसरी अडचण घड्याळाची. तीन-चार मिनिटांत झटपट पंच मारणारा बाजी मारतो, रमतगमत गोष्ट सांगणारा मागे पडतो. पु. लं.ची 'बटाट्याची चाळ' अशा वेळेत बसवली असती तर जिन्यापर्यंतही पोहोचली नसती!

करार वाचलाय का?

आमच्या मते खरा प्रश्न परीक्षकांचा नसून कागदाचा आहे. चित्रीकरणाचे हक्क कुणाचे? तीच क्लिप स्वतःच्या चॅनेलवर टाकता येईल का? तोच विनोद पुढे आपल्या शोमध्ये वापरता येईल का? याची उत्तरे लेखी मिळत नसतील तर थांबलेले बरे. प्रवेश शुल्क घेऊन वर 'दहा मित्र आणा' सांगणारी, टाळ्यांवर निकाल लावणारी स्पर्धा ही तिकीटविक्रीच असते.

तरीही उतरावे, पण उशिरा. किमान अर्धा तास हाताशी असताना त्यातली पाच मिनिटे पणाला लावणे परवडते. झाकीर खान यांनी 2012 मध्ये 'कॉमेडी सेंट्रल'ची स्पर्धा जिंकली, 'हक से सिंगल' आला 2017 मध्ये. मधली वर्षे मजकूर वाढवण्याची होती.

मुंबई-पुण्याबाहेर मराठीत स्टँडअप करणाऱ्याचे गणित मात्र वेगळे आहे. तिथे ओपन माइक मुळातच कमी. अनोळखी शंभर माणसांसमोर उभे राहण्याची संधी कॉलेजच्या महोत्सवातली स्पर्धाच देत असेल, तर बक्षिसाचा विचार न करता नाव द्यावे आणि मोबाइलवर आपला सेट रेकॉर्ड करून घ्यावा. कुठे हशा आला नाही, ते रात्री घरी ऐकता येते.