क्लिनर साइडला कोण बघणार?

नवी गाडी ताब्यात देताना शोरूममधल्या पोरानं मला सनरूफ तीनदा उघडून दाखवलं. सीटमधून गार वारा कसा येतो ते दाखवलं, फोनवरची गाणी गाडीत कशी लावायची ते दाखवलं. गाडीच्या डाव्या कुशीतली किती जागा मला कधीच दिसणार नाही, हे मात्र एकदाही दाखवलं नाही. मी विचारलं, "रात्री उसाची ट्रॉली हिला दिसते का?" तो म्हणाला, "काका, टेन्शनच घेऊ नका की ओ. आता सगळं गाडीच बघती."

पुढ्यात हार, पेढे आणि पुठ्ठ्याची हातभर लांब चावी. फोटो काढला आणि सोलापुरात एमएच १३ ची आणखी एक गाडी रस्त्यावर आली. मालकाला तिच्यातलं निम्मं यंत्र कळलेलं नव्हतं.

त्या पोरावर माझा राग नाही. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. राग आहे तो माणसाच्या जिवाशी बांधलेलं यंत्र सनरूफच्या रांगेत उभं करून विकणाऱ्यांवर. आणि तेवढाच राग ते न समजून घेता चालवणाऱ्या आपल्या सगळ्यांवर आहे.

मी ट्रकवाल्याच्या घरात वाढलो. आमच्या धंद्यात गाडीला उजवी-डावी बाजू नसते. ड्रायव्हर साइड आणि क्लिनर साइड असते. पिढ्यानपिढ्यांची अक्कल या दोन शब्दांत आहे. उजवीकडे बसलेल्याला डावीकडचं दिसत नाही, म्हणून तिकडे दुसरा जिवंत माणूस बसवायचा आणि त्या बाजूला त्याचंच नाव द्यायचं. आमचा क्लिनर खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत असायचा. पत्र्यावर तळहाताची एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. थाप पडली की वडिलांचा पाय आधी ब्रेकवर जायचा. कशासाठी, हे नंतर विचारायचं. आणि वडिलांना त्याची आणखी एक गोष्ट पक्की ठाऊक होती. तो पहाटे तीननंतर पेंगायचा. त्या वेळेनंतर ते त्याच्या थापेची वाट बघत नसत, स्वतः मान वळवत.

मदतनीसावर भरवसा ठेवायचा तर तो कधी पेंगतो हे आधी माहीत हवं. मला एवढंच म्हणायचं आहे. आज क्लिनर बंपरमध्ये आणि काचेमागे बसलाय. तो कधी पेंगतो हे सोलापुरातल्या किती गाडीमालकांना ठाऊक आहे?

आधी हा नवा क्लिनर कोण ते बघू. बंपरवर जी गोल बटणं दिसतात ते अल्ट्रासॉनिक सेन्सर. आवाज सोडायचा आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांची धाव जेमतेम दोन-अडीच मीटर. १ जुलै २०१९ पासून देशात तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला मागचे सेन्सर सक्तीचे झाले. ते भिंत सांगतात, उभी गाडी सांगतात. बारीक खांब, जमिनीलगतचा दगड किंवा गाडीला चिकटून बसलेलं लहान मूल सुटू शकतं. दुसरा क्लिनर मागच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत, प्लास्टिकआड लपलेला रडार. शेजारच्या पट्ट्यात मागून कुणी आलं की तो आरशात केशरी दिवा लावतो. तिसरा पुढच्या काचेच्या वर, आरशामागे बसलेला कॅमेरा. तो रंगवलेले पट्टे, गाड्यांचे आणि माणसांचे आकार ओळखतो. हे सगळं मिळून लोक ज्याला 'एडास' म्हणतात ते बनतं.

आता तो पेंगतो कधी? ते सूचनापुस्तकात लिहिलेलं असतं. जाडजूड इंग्रजी पुस्तक, कप्प्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीत, बहुतेकांच्या घरी अजून न फोडलेलं. मी फोडलं आणि शब्दकोश घेऊन बसलो. शेजारच्या पट्ट्याचा दिवा ठरावीक वेगाखाली चालू नसतो. मोटारसायकल, सायकल उशिरा दिसू शकते किंवा दिसणारही नाही. समोर धोका दिसला की आपोआप लागणाऱ्या ब्रेकसाठीची यादी तर वाचवत नाही. उंचीला कमी किंवा वेगळ्याच आकाराचा ट्रेलर. मागे माल बाहेर आलेलं वाहन. हायवेच्या वेगात समोर थांबलेलं वाहन. जनावरं. अंधारातली माणसं. घोळक्यानं चालणारी माणसं. डोक्यावर-हातात मोठं सामान असल्यानं जिचा आकार माणसासारखा दिसत नाही अशी व्यक्ती. या सगळ्यांसमोर यंत्र चुकू शकतं, जबाबदारी चालकाची.

ही यादी हातात धरून टेंभुर्णीहून सोलापूरकडे या. पुस्तकात जे अपवाद म्हणून छापलंय ते आमच्या रस्त्यावर रोज संध्याकाळी भेटतं.

गळीत हंगाम सुरू झाला की पुण्याच्या हायवेवर, पंढरपूर रोडवर, मंगळवेढ्याच्या वाटेवर ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत निघतात. ट्रॉलीच्या मागे ऊस हातभर बाहेर आलेला, त्यावरून वाढं खाली लोंबतंय आणि रिफ्लेक्टर असलाच तर त्या वाढ्याआड झाकलेला. ट्रॅक्टरचा वेग ताशी २० किलोमीटर, तुमचा १००. म्हणजे तुम्ही त्याच्यावर दर सेकंदाला २२ मीटरनं चाल करून जाताय. डिपरच्या उजेडात साधारण ५० मीटरवर काहीतरी काळं दिसतं. हातात उरतात सव्वादोन सेकंद. मागे माल बाहेर आलेलं वेगळ्या आकाराचं वाहन, हे कलम पुस्तकात आहे. गाडी ओरडली तर नशीब. नाही ओरडली तर कंपनीनं आधीच सांगून ठेवलंय, तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत.

वारीच्या दिवसांत तर प्रत्येक ओळ जिवंत होऊन समोरून चालत येते. डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, खांद्यावर पताका, गळ्यात वीणा, पाठीवर पडशी, पावसाळ्यात अंगावर प्लास्टिकची खोळ. दिंडी म्हणजे घोळका, आणि घोळक्यातल्या प्रत्येकाचा आकार सामानानं बदललेला. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी सांगोला तालुक्यातल्या जुनोनीजवळ करवीर तालुक्यातल्या जठारवाडीची दिंडी कार्तिकीसाठी पंढरपूरला निघाली होती. मागून आलेली मोटार त्या दिंडीत घुसली आणि सात वारकरी गेले. त्या मोटारीत कोणतं यंत्र होतं किंवा नव्हतं, हा माझा मुद्दा नाही. मुद्दा असा की या जिल्ह्यात दिवेलागणीला रस्त्याच्या कडेनं माणसं चालतात, हजारोंनी चालतात. इथे गाडी विकणाऱ्यानं हे पहिल्या दिवशी, पहिल्या वाक्यात सांगायला हवं.

सांगायचं सोडाच, उलटंच शिकवलं जातंय. स्टिअरिंग सोडून, पाय डॅशबोर्डवर टाकून नाचणाऱ्या पोरापोरींचे व्हिडिओ तुम्ही बघितलेत. त्यांना ती हिंमत जाहिरातींनी दिली. बाजारात मिळणारी ही यंत्रणा फार तर 'लेव्हल टू' आहे. म्हणजे गाडी मदत करेल, नजर आणि जबाबदारी शंभर टक्के तुमची. निष्काळजीपणानं माणूस मेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत आत जाणार तो चालक. रडारला कुणी बेड्या घालणार नाही.

माझ्या घरची गोष्ट सांगतो. गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याला कुणीतरी घासून गेलं होतं. एका गॅरेजात बंपर दुरुस्त केला. लांबी भरली, घासली, वर रंगाचे थर मारले. आरशासारखा चकचकीत. रडारसमोर लांबीचा आणि रंगाचा जाड थर बसला की त्याच्या लहरी अडतात, हे त्यांना माहीत नव्हतं आणि मीही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात पुतण्या गाडी चालवत होता, मी शेजारी. सात रस्त्याला त्यानं डावीकडे वळायला घेतलं. आरशातला दिवा लागला नाही, म्हणून त्यानं मान वळवली नाही. आणि मागच्या दारावर तळहाताची थाप पडली. एकच, जोरात.

पुतण्यानं ब्रेक दाबला. दाराला अक्षरशः खेटून स्कूटरवर एक बाई होती, पुढे उभं असलेलं पोरगं, पायाशी भाजीची पिशवी. ती काही बोलली नाही. तिचा हात अजून आमच्या काचेवर होता आणि थरथरत होता. वडिलांच्या ट्रकच्या पत्र्यावर पडायची ती थाप मला चाळीस वर्षांनी ऐकू आली. फरक एवढाच की तेव्हा ती आमच्या पगारी माणसाची असायची. आज जी मरणार होती तिलाच आमची क्लिनर व्हावं लागलं.

"पण काका, लाइट लागलीच नाही!" पुतण्या म्हणाला. या वाक्यानं मी हादरलो. दिवा लागला नाही म्हणजे जागा मोकळी, असा अर्थ त्यानं लावला होता. दिवा लागला तर कुणीतरी आहे. नाही लागला तर एवढंच कळतं की दिवा लागला नाही. वेग कमी असेल, चिखल असेल, लांबी असेल, शेजारचं वाहन लहान असेल. मोकळी जागा सांगायचं काम त्या दिव्याला कुणी दिलेलंच नाही. ते मानेचं काम आहे.

आणि आपण या यंत्रांशी कसे वागतो? कॅमेऱ्याची जागा काचेवर आरशामागे, म्हणून फास्टॅग नेमका त्याच्यासमोर डकवतो. वर पक्षाचा, गावाचा, दादांच्या वाढदिवसाचा स्टिकर. काच फुटली की मिळेल ती बसवतो आणि कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करायला पैसे जातात म्हणून टाळतो. काळी फिल्म सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली बंद केली, तरी ती लावतो आणि मागच्या बाजूची उरलीसुरली नजरही मारून टाकतो. बंपरपुढे लोखंडी गार्ड बसवतो, ज्याला केंद्र सरकारनं २०१७ च्या डिसेंबरमध्ये बेकायदा ठरवलं. आणि नवी पेठेतल्या गर्दीत खरचटू नये म्हणून डावा आरसा दुमडून ठेवतो. महागाचा रडार आणि आरसा दुमडलेला! खरचटलेल्या प्लास्टिकची किंमत आपण शेजारून जाणाऱ्या माणसापेक्षा जास्त धरतो, याचा दुसरा अर्थ निघत नाही.

आरसा उघडलाच तर तो चुकीचा लावलेला असतो. बहुतेकांच्या आरशात अर्धी स्वतःचीच गाडी दिसते. जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकी अभियंत्यानं १९९५ सालीच आरशांची भूमिती मांडून सांगितलं की ब्लाइंड स्पॉटचा मोठा भाग आरसे नीट लावले तरी कमी होतो. खर्च शून्य. डोकं उजव्या काचेला टेकवा आणि उजवा आरसा इतका बाहेर वळवा की आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल. मग डोकं दोन सीटच्या मधोमध आणा आणि डावा आरसा तसाच लावा. आता मागून येणारी गाडी आतल्या आरशातून बाहेरच्या आरशात आणि तिथून थेट डोळ्याच्या कडेला सरकत येईल. तरीही वळण्याआधी मान वळवायचीच. हे सांगायला पाच मिनिटं लागतात. लायसन्स काढताना किती जणांना कुणी सांगितलं?

मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारनं बस आणि जड ट्रकसाठी आपोआप ब्रेक, झोप ओळखणारी यंत्रणा आणि ब्लाइंड स्पॉटची सूचना सक्तीची करण्याचा मसुदा काढला. मी त्याचं मनापासून स्वागत करतो. भाडं परवडत नाही म्हणून क्लिनर कमी केलेल्या ट्रकांच्या डाव्या बाजूला आज कुणीच नाही, तिथे यंत्र हवंच. पण यंत्रासोबत भाषा द्या. नाहीतर ट्रकवालाही माझ्या पुतण्यासारखाच दिव्याकडे बघत बसेल.

माझ्या मागण्या साध्या आहेत. ज्या जिल्ह्यात गाडी विकता त्या जिल्ह्याच्या भाषेत, दोन पानांवर, गाडी काय बघू शकत नाही हे छापा आणि पेढ्याच्या आधी हातात द्या. पैसे घेण्याआधी गिऱ्हाइकाला एक तास रस्त्यावर न्या, त्यातला अर्धा अंधारात. बंपर रंगवणाऱ्या प्रत्येक गॅरेजाला सांगा की कोपऱ्याआड रडार आहे. आरटीओच्या चाचणीत आरसे न लावणाऱ्याला आणि मान न वळवणाऱ्याला नापास करा. आणि साखर कारखान्यांनो, ट्रॉली तुमच्याच वजनकाट्यावर येते. मागे रिफ्लेक्टर आणि दिवा नसेल तर काटा करू नका. एका हंगामात जिल्ह्यातली ट्रॉली न् ट्रॉली उजळेल. ही ताकद फक्त तुमच्याकडे आहे आणि तुम्ही ती वापरत नाही.

आपल्यापुरतं तर आजच करता येईल. मी बंपरचा तो थर खरवडून काढला, कॅमेऱ्यासमोरचा फास्टॅग काढून नवा बाजूला लावला. पुतण्याला गाडीत बसवलं आणि स्वतः गाडीच्या डाव्या बाजूनं, मागच्या दाराशी, पाऊल पाऊल पुढे चालत राहिलो. "दिसतोय का?" "दिसताय." "आता?" "दिसताय." "आता?" आरशात मी नव्हतो. त्यानं मान वळवली तेव्हा मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो.