पत्रकाचा कापलेला कोपरा

मे महिन्याची सुटी लागली की माझी एक ठरलेली वारी असते, बालाघाटची. धाकटी बहीण तिकडे दिली आहे. आपल्याकडून कोल्हापूर गाठायचं, तिथून महाराष्ट्र एक्सप्रेसने सगळा महाराष्ट्र ओलांडून गोंदियाला उतरायचं आणि मग पुढे चाळीसेक किलोमीटर. राज्य बदलतं, मध्य प्रदेश लागतो. पण परकं वाटत नाही. दुकानांच्या पाट्या हिंदीत, गोंदियाकडच्या गिऱ्हाइकाशी बोलणं मराठीत आणि घरात दोन्हींची खिचडी. हे आपल्याला काही नवं नाही. आपल्याकडे हिंदीच्या जागी कन्नड, एवढंच!

मेहुण्यांचं तांदळाचं छोटं दुकान आहे. मुख्य माल चिन्नोर. लहान दाण्याचा, शिजताना घरभर वास सोडणारा हा तांदूळ बालाघाटचा अभिमान आहे. २०२१ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण चिन्नोरचं पीक उशिरा तयार होतं, उताराही कमी. त्यामुळे भाव चढा. आणि भाव चढा म्हटलं की गिऱ्हाइकाच्या मनात पहिली शंका येते ती हीच, ‘हा खरा चिन्नोर की नावाला?’

या खेपेला पोचले तर घरात जरा तणाव होता. मेहुणे चौकातल्या मोठ्या फलकाची जागा वर्षभरासाठी घ्यायच्या विचारात होते. पैसे कुठून? भाचीच्या पुढच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून. बहीण गप्प होती, आणि ती गप्प असली की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

मी अर्थशास्त्र शिकवते, म्हणून न्यायनिवाडा माझ्याकडे आला. मेहुण्यांनी वही उघडली. ‘‘ताई, पाहा न! दिवाळीनंतर पत्रकं वाटली, फोनवर जाहिरात टाकली, अन् जानेवारीत ऑक्टोबरच्या जवळपास दुप्पट माल गेला. जाहिरात चालून राहिली आहे. आता मोठी करायची.’’

मी म्हटलं, ‘‘त्याच्या आदल्या वर्षीचा जानेवारी दाखवा.’’

ती वही माळ्यावरून काढावी लागली. त्याही जानेवारीत विक्री जवळपास तेवढीच होती, आणि तेव्हा तर एकही पत्रक छापलं नव्हतं! डिसेंबरात नवा तांदूळ बाजारात येतो, त्यात लग्नसराई. विक्री वाढली होती ती हंगामाने, श्रेय मात्र पत्रकाच्या नावे जमा झालं होतं. जाहिरातीचा हिशेब करताना हीच चूक सर्वांत जास्त होते. मागच्या महिन्याशी नव्हे, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहायचं. गणपतीत मोदकाची ऑर्डर वाढली तर ती फलकामुळे की बाप्पामुळे, हे आधी विचारायला हवं.

मग तह झाला. फलकाचा निर्णय तीन महिने थांबवायचा. गल्ल्याशेजारी शंभर पानी वही ठेवायची आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारायचा, ‘‘आपल्याला आमचं कुठून कळलं?’’ उत्तराप्रमाणे चार रकान्यांत खूण. तेच गिऱ्हाईक पुन्हा आलं तर त्याच्या खुणेला गोल. शिवाय दोन हजार नवी पत्रकं, ‘हे पत्रक आणा, किलोमागे पाच रुपये सूट’ अशी. त्यांतली हजार वर्तमानपत्रात घालायची आणि हजार बसस्टँडवर हातात द्यायची. बसस्टँडवरच्या पत्रकांचा एक कोपरा कात्रीने कापायचा, म्हणजे परत आलेलं पत्रक कुठून आलं ते स्वतःच सांगेल. भाचीने दोन दुपारी बसून हजार कोपरे कापले. शिक्षण तिचंच पणाला लागलं होतं ना!

ऑगस्टमध्ये बहिणीचा फोन आला. नवी गिऱ्हाइकं ११८. पत्रक घेऊन आलेली ९; त्यांतली ७ कापलेल्या कोपऱ्याची, वर्तमानपत्रातली फक्त २. फोनवरची जाहिरात पाहून १७. येता-जाता दुकानाची पाटी वाचून २१. आणि ‘कोणीतरी सांगितलं’ म्हणून आलेली ७१! गोल मोजले तर चित्र आणखी स्वच्छ झालं. पुन्हा आलेल्या ४९ जणांपैकी ३८ याच ७१ मधले होते. फोनवरच्या जाहिरातीला अंगठे शेकड्यांनी मिळाले होते. पण अंगठा तांदूळ विकत घेत नाही.

हे ‘कोणीतरी’ म्हणजे नेमकं कोण? बहिणीने खोदून विचारायला सुरुवात केली, तेव्हा उत्तर तिच्याच पदराशी निघालं. गेली दोन वर्षं ती जुन्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत मूठभर चिन्नोरची एक छोटी पुडी जास्तीची टाकत आली आहे, ‘शेजारी द्या’ म्हणून. सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी : पाणी नेहमीपेक्षा कमी घाला, नाहीतर भात गिचका होईल. मेहुणे या प्रकाराला ‘फुकटची खैरात’ म्हणत. वहीत त्या पुड्यांची नोंद कधीच नव्हती. जे लिहिलं जात नाही ते मोजलं जात नाही, आणि जे मोजलं जात नाही त्याला कोणी काम म्हणत नाही. घरातल्या बायकांना हा नियम वेगळा सांगायला नको.

पुडी का चालली, याचा विचार करताना मला आपल्या मातीतली गोष्ट आठवली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलीच्या दुकानापासून सुरुवात करून पुढे लोखंडी नांगर बनवला, तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होईल, ही भीती. अशा वेळी ‘उत्तम नांगर’ अशी पाटी दुप्पट मोठी करून काय उपयोग? भीती जाते ती नांगर रानात चालताना पाहून. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. कारखान्याची खबर देणारं हे पत्र पुढे मराठी घराघरांत वाचलं जाणारं मासिक झालं. जाहिरात म्हणून निघालेली वस्तू लोकांनी जपून ठेवली, कारण तिच्यात त्यांच्या कामाचं काही होतं. बहिणीच्या चिठ्ठीतही तेच होतं. चौकातला फलक ‘असली चिन्नोर’ असं ओरडला असता. पुडीने ते शेजारणीच्या चुलीवर दाखवलं.

ही वही म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हेही सांगते. माणूस आठवेल ते सांगतो. शेजारणीने नाव सांगितलेलं असतं, पण दुकान सापडतं पाटीमुळेच. तरी श्रेय शेजारणीला जातं. म्हणून पाटी काढून टाका असं मी म्हटलं नाही, उलट ती रंगवून घ्यायला सांगितली. पत्रकंही बंद नकोत. वर्तमानपत्रात न घालता हातात द्यावीत. वही बिनचूक नसते, पण अंदाजापेक्षा बरी असते.

इकडे मी हे सारं आमच्या सासूबाईंना सांगितलं. त्यांचं माहेर धारवाडकडचं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘रुची हेळबेकु, बोर्ड अल्ल.’’ चवीने सांगायला हवं, फलकाने नव्हे. माझ्या एम. ए.च्या दोन वर्षांचा सारांश त्यांनी चार शब्दांत उरकला!

आपल्या वाचकांत घरी चटण्या, पापड, कुंदा करून विकणाऱ्या कितीतरी जणी आहेत. गणपतीच्या तोंडावर ‘जाहिरात करा’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. पैसे देण्याआधी एक वही घाला. मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा. पण विचारा आणि लिहून ठेवा.

फलकाचं काय झालं? भाचीचे पैसे जिथल्या तिथे आहेत. मेहुणे मला हरलो असं म्हणाले नाहीत, म्हणणारही नाहीत. पण बहिणीने परवा दुकानाच्या हिशेबाच्या पानाचा फोटो पाठवला. खर्चाच्या बाजूला, ‘जाहिरात’ या शब्दाखाली, मेहुण्यांच्या अक्षरात पहिलीच ओळ होती : ‘पुड्या व चिठ्ठ्या’.