पुढच्या चाकाची खडखड अंगावर काढू नका

मारुती ८०० ही गाडी १९८३ साली रस्त्यावर आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. तरी कित्येक वस्त्यांवर ती अजून इमानाने राबते आहे. आठवड्याचा बाजार, दवाखाना, पै-पाहुणा, सारे तिच्यावरच. या जुन्या गाडीच्या एका दुखण्याकडे मात्र सहसा कुणी लक्ष देत नाही. ते म्हणजे पुढच्या चाकांचे झिजलेले बुश.

चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा लोखंडी हात खालच्या अंगाला असतो. त्याला लोअर आर्म म्हणतात. त्याच्या सांध्यात रबरी बुश असतो. तो दणके सोसतो आणि चाक जागेवर धरून ठेवतो. समोरच्या आडव्या दांड्यालाही असेच बुश असतात. ऊन, चिखल आणि वय यांमुळे हे रबर कडक होते, तडकते आणि सांधा ढिला पडतो.

मग खड्ड्यात खडखड वाजते. टायर एकाच कडेने झिजतो. ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढते. हवा कमी असली किंवा ब्रेक बिघडले तरी गाडी ओढते, म्हणून आधी तेही पाहावे. पण ओढणाऱ्या गाडीकडे काणाडोळा करू नये. अरुंद रस्ता, समोरून उसाची ट्रॉली आणि गाडीत लेकरेबाळे! तिथे वीतभर फरकही महागात पडतो.

तपासणी घरी करता येते. टणक, सपाट जागी हँडब्रेक ओढा. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. पुढची बाजू जॅकने उचलून खाली लाकडाचे भक्कम ठोकळे द्या. विटा नकोत, त्या फुटतात. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. आता छोट्या पहारीने आर्म हलवून पाहा. रबराला चिरा असतील किंवा सांधा सैल हलत असेल, तर बुश बदलायला झाले.

काम मिस्त्रीकडूनच करून घ्या, पण उभे राहून पाहा. बुश दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत. नवा बुश हातोड्याने ठोकू नये, प्रेसवर दाबून बसवावा. बैलगाडीच्या चाकाला वंगण लागते, म्हणून इथेही तेल घालू नका. तेलाने रबर फुगून खराब होते. बुश घट्ट जात असेल तर साबणाचे पाणी पुरते. काढलेली कॉटर पिन पुन्हा न वापरता नवी घालावी.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आर्मचा बोल्ट चाके जमिनीवर टेकल्यावर, गाडीचे वजन पडल्यावरच पक्का आवळावा. गाडी अधांतरी असताना आवळला, तर खाली उतरवताच रबराला पीळ बसतो आणि नवा बुशही लवकर फाटतो. नंतर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे.

रबराच्या एवढ्याशा तुकड्यापायी टायरची जोडी घालवू नका, आणि घरची माणसे तर मुळीच धोक्यात घालू नका.