रकान्यात न मावणारा धसका

नातेवाईक हिस्टरी सांगत असतात. मधेच एक वाक्य येतं आणि आपलं पेन तेवढ्यापुरतं थांबतं : "मुलगा गेल्यापासून त्यांनी हाय खाल्लीय, डॉक्टर." आपण मान हलवतो आणि केस पेपरवर लिहितो : छातीत जळजळ, भूक मंद, झोप कमी, दोन महिने. 'दोन महिने' नोंदवले जातात. दोन महिन्यांपूर्वी काय घडलं, त्याला रकानाच नसतो.

मराठीत दुःखाची हाय खाल्ली जाते, भीतीचा गोळा पोटात येतो, राग मस्तकात जातो, काळजीने काळजाला घरं पडतात. मन आणि शरीर यांची फाळणी या भाषेने कधी केलीच नाही. ती आपण केली, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी, आणि मग ओपीडीत बसून 'रिपोर्ट नॉर्मल आहेत' आणि 'टेन्शन घेऊ नका' या दोन वाक्यांवर तिचा कारभार चालवला.

धक्क्याने माणूस मरतो का, या प्रश्नाचं सर्वांत नेमकं उत्तर एका भूकंपाने दिलं. १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे साडेचारला लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज इथे भूकंप झाला. त्याआधी साडेतीन महिने, ३० सप्टेंबर १९९३ला, विसर्जनाची रात्र संपता संपता आपलं किल्लारी कोसळलं होतं. किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंतींखालून माणसं काढायची होती. हृदय कोणाचं थांबलं हे मोजायला तिथे कोणाला सवड असणार? लॉस एंजेलिसला मोजता आलं. आदल्या आठवड्यात हृदयविकाराने अचानक मरणाऱ्यांची रोजची सरासरी ४.६ होती, भूकंपाच्या दिवशी ती संख्या २४ झाली. यांपैकी फक्त तिघांनी वेगळे शारीरिक श्रम केले होते. मला या अभ्यासातला पुढचा आकडा जास्त बोलका वाटतो : नंतरच्या सहा दिवसांत हे मृत्यू सरासरीच्याही खाली, दिवसाला २.७ वर आले. म्हणजे धक्क्याने रोग जन्माला घातला नव्हता. तो धमन्यांमध्ये होताच. जे पुढेमागे व्हायचं होतं ते एका पहाटेत झालं. म्हणूनच रक्तदाब आणि साखर असलेल्या माणसाच्या घरात काही अघटित घडलं, तर त्याची पुढची तपासणी तीन महिन्यांनी ठेवू नये.

टाकोत्सुबो कार्डिओमायोपथीबद्दल आपण सगळ्यांनीच वाचलं आहे. जपानी डॉक्टरांनी १९९०मध्ये तिचं वर्णन केलं आणि डाव्या जवनिकेचा फुगलेला आकार ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो म्हणून हे नाव दिलं. वर्तमानपत्रांनी तिला 'हृदयभंग' करून टाकलं. त्या रोमँटिक नावाने थोडा घोटाळाही झाला. २०१५मध्ये आंतरराष्ट्रीय नोंदणीतल्या १,७५० रुग्णांचा अहवाल आला. त्यात सुमारे ९० टक्के बायका होत्या, सरासरी वय ६७च्या आसपास. मात्र मानसिक धक्क्याचं निमित्त २८ टक्क्यांमध्येच होतं. शारीरिक निमित्त ३६ टक्क्यांमध्ये सापडलं, आणि चौथ्या हिश्श्याहून अधिक रुग्णांमध्ये काहीच सापडलं नाही. सुतकातल्या बाईच्या छातीत दुखतंय एवढ्यावरून 'टाकोत्सुबो असेल' म्हणता येत नाही, आणि ती असली तरी इसीजी आणि ट्रोपोनिन हार्ट अटॅकसारखेच दिसतात. पाठवायचं दोन्हीत सारखंच आहे.

हे मी अनुभवाने शिकलो. वीसएक वर्षांपूर्वी दहाव्याच्या दिवशी एका घरी बोलावणं आलं. साठीच्या बाई, घामाने डबडबलेल्या, छातीवर हात. घरात तीसेक माणसं, रडारड. मी नाडी पाहिली, झोपेचं इंजेक्शन दिलं आणि मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "धसका घेतलाय, पडू द्या जरा." संध्याकाळी मुलाने शहाणपणा केला म्हणून इसीजी निघाला. हार्ट अटॅकच होता. बाई वाचल्या, नंतर दहा वर्षं माझ्याकडेच येत राहिल्या आणि त्यावरून एकदाही बोलल्या नाहीत. धसका खरा होता. माझी चूक ही की धसका आणि अटॅक यांतलं एकच खरं असू शकतं असं मी धरून चाललो.

हे झालं तातडीच्या धक्क्याचं. वर्षानुवर्षं मुरलेल्या आघाताचं गणित वेगळं आहे. अमेरिकेत सॅन दिएगोला व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणाचं क्लिनिक चालवत होते. १९८०च्या दशकात त्यांना कोडं पडलं की वजन उत्तम घटत असतानाच रुग्ण सोडून का जातात. विचारत गेले तसं लहानपणीचं लैंगिक शोषण पुढे येऊ लागलं. त्यातून रॉबर्ट अँडा यांच्याबरोबरचा मोठा अभ्यास उभा राहिला आणि १९९८मध्ये त्याचा पहिला निबंध छापून आला. साडेनऊ हजार प्रौढांकडून बालपणातल्या मारहाण, शोषण, घरातलं व्यसन, आईला होणारी मारझोड अशा सात प्रकारच्या अनुभवांची माहिती एका प्रश्नावलीतून घेतली होती. निम्म्याहून अधिक लोकांनी किमान एक प्रकार सांगितला. चार किंवा अधिक सांगणाऱ्यांमध्ये हृदयविकाराची शक्यता दुपटीहून थोडी जास्त निघाली. धूम्रपान, दारू यांचं प्रमाणही त्यांच्यात वाढलेलं होतं, आणि शरीरापर्यंत पोचायची एक वाट तिथून जाते. हा अभ्यास आठवणींवर उभा आहे, हे विसरू नये. आणि त्यातल्या गुणांकाने एकेका रुग्णाचं भविष्य सांगू नका, असं खुद्द अँडा यांनीच २०२०मध्ये बजावलं. कार्यशाळांमधून ती प्रश्नावली ज्या उत्साहाने वाटली जाते, तो पाहता हे इथे लिहावं लागतंय.

कॉर्टिसॉलचा पाढा मी तुमच्यासमोर म्हणत नाही. त्याऐवजी एक जखम सांगतो. १९९५मध्ये जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या १३ बायका आणि तितक्याच इतर बायका घेतल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच जखम केली. इतरांची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली, सेवा करणाऱ्यांना जवळजवळ ४९ दिवस लागले. अभ्यास छोटा, पण आपल्या कामाचा. पायाची जखम भरत नाही म्हणून आपण साखर पाहतो, अँटिबायोटिक बदलतो, चप्पल बदलायला सांगतो. घरी अंथरुणाला खिळलेलं कोण आहे आणि रात्री त्याच्यासाठी उठतं कोण, हे विचारत नाही.

सत्तर पेशंटच्या ओपीडीत समुपदेशन करा, असं सांगायचा माझा इरादा नाही. 'कधीपासून?' हे आपण विचारतोच. त्याला एक प्रश्न जोडा : "त्या सुमारास घरात काय चाललं होतं?" सासू किंवा नवरा शेजारी उभा असेल तर विचारू नका, तपासणीच्या टेबलावर, पडद्याआड विचारा. उत्तर आलं तर खोदत बसू नका, ऐकून घ्या. "म्हणजे माझं दुखणं खोटं का?" हा प्रश्न तिच्या डोळ्यांत दिसेलच. दुखणं खरं आहे हे तोंडाने सांगा, आणि ज्या तपासण्या एरवी केल्या असत्या त्या करा. आपल्या आवाक्याबाहेरचं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ आहेत, आणि तालुक्यात कोणी नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. सलाईन मात्र लावू नका. अशक्तपणाला सलाईन लावली की दोघांचंही समाधान होतं आणि विषय तिथेच संपतो.

विधुरांची गोष्ट राहिली. इंग्लंडमध्ये ५५ वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांचा अभ्यास १९६९मध्ये छापला गेला. बायको गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातले मृत्यू अपेक्षेपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त होते. पुढे ते हळूहळू इतरांच्या पातळीवर आले. यात शोक किती आणि विस्कटलेलं घर किती, हे वेगळं काढणं कठीण आहे. पण तेराव्यानंतर असे एखादे काका बीपी दाखवायला आले, तर आकडा बघून गोळी वाढवण्याआधी विचारा की सकाळच्या गोळ्या आजवर डबीतून काढून हातावर कोण ठेवत होतं.