डोंगरावर आधी कोण पडतं?

डिसेंबर उजाडला की हल्ली माझ्या मोबाईलवर हळदीकुंकवाच्या आधी बर्फाची निमंत्रणं यायला लागतात. केदारकांठा, ब्रह्मताल, संदकफू. फक्त महिलांची बॅच, चाळिशीनंतरचा पहिला ट्रेक, आई-मुलगी एकत्र! पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपल्याकडे बर्फ बघायला जायचं म्हणजे मनालीला जायचं, भाड्याचा फरकोट घालून फोटो काढायचा आणि दोन मफलर घेऊन परत यायचं. आता साताऱ्याच्या, अकोल्याच्या, चिपळूणच्या बायका स्वतःच्या पायांनी साडेबारा हजार फूट चढून जातात. पहिल्या पानावर ही बातमी येत नाही. ती येते फक्त कुणी मेलं की.

याची सुरुवात वरून झाली असं मला वाटतं. जपानच्या जुन्को ताबेई १९७५ साली एव्हरेस्टवर पोचलेल्या जगातल्या पहिल्या बाई. त्यांना घरी लहान मुलगी होती आणि मोहिमेसाठी पैसे मागायला गेल्यावर ‘त्यापेक्षा मुलं सांभाळा’ असं ऐकावं लागलं होतं. आपल्या बचेंद्री पाल १९८४ मध्ये पोचल्या. मराठी मुलींची पाळी यायला मात्र आणखी पंचवीस वर्षं गेली. पुण्याची कृष्णा पाटील २००९ मध्ये एव्हरेस्ट चढली तेव्हा ती १९ वर्षांची होती. साताऱ्याची प्रियांका मोहिते २०१३ मध्ये एव्हरेस्टवर, २०२१ मध्ये अन्नपूर्णावर (तिथे पोचलेली ती पहिली भारतीय स्त्री) आणि २०२२ मध्ये कांचनगंगावर. आठ हजार मीटरच्या वरची पाच शिखरं तिच्या नावावर आहेत. २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधली पाच मुलं एव्हरेस्टवर गेली, त्यात मनीषा धुर्वे ही एक मुलगी होती. ही नावं जिल्ह्याच्या पानावर छापून आली, शाळांमधून सत्कार झाले, आणि सत्काराला टाळ्या वाजवणाऱ्या बाईंच्या मनात आलं, की एव्हरेस्ट राहू दे, निदान एखादा लहानसा बर्फाचा डोंगर तरी!

त्या लहानशा डोंगराचा हिशेब सोपा नसतो. फी, रेल्वे, देहरादूनपासून सांकरीपर्यंतचा आठ-दहा तासांचा गाडीरस्ता, भाड्याचे बूट, सगळं मिळून वीसेक हजार होतात. माझ्या ओळखीच्या बायका हे पैसे भिशीतून, शिकवणीतून, शिवणकामातून उभे करतात. परवानगीचा प्रश्न त्याहून अवघड. ‘नको जाऊ’ असं आता फारसं कुणी म्हणत नाही. ‘जा ना, पण आईंच्या गोळ्यांचं काय, डब्यांचं काय?’ असं विचारतात. मग सहा दिवसांची भाजी चिरून फ्रीजमध्ये ठेवून बाई हिमालयात निघते.

गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे अशा तिघी उतरल्या होत्या. एक वाईची, एक चिपळूणची, एक अकोल्याची. माझं घर भाईंदरला, त्यामुळे उत्तरेकडच्या गाडीसाठी बोरिवली गाठणं सोयीचं. जानेवारीत इथे खाडीवरून वारा आला की आम्ही शाल शोधतो, एवढीच आमची थंडीची ओळख. आणि चढण म्हणाल तर स्टेशनचा पूल! मी महिनाभर लिफ्ट सोडून सात मजले चढत होते. शेजारच्या काकू रोज विचारायच्या, ‘लिफ्ट बंद आहे का गं?’ चौथी मी. आम्ही चौघी मिळून केदारकांठ्याला गेलो.

सांकरी गाव सोडलं आणि दुसऱ्याच वळणावर दोन कुत्री आमच्याबरोबर चालायला लागली. तिकडची ती भोटिया जात, अस्वलासारखी झुबकेदार. मूळची मेंढपाळांची राखण करणारी. बिबट्याने गळा धरू नये म्हणून त्यांच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात. ती विनापरवाना, विनाफी, विनाबूट आमच्या पुढे जायची, थांबायची आणि आम्ही धापा टाकत पोचलो की पुन्हा निघायची. नेपाळमध्ये तर २०१८ साली एक भटकी कुत्री एका मोहिमेच्या मागे लागून बरुंत्से या ७,१२९ मीटर उंचीच्या शिखरावर जाऊन आली होती. गिर्यारोहकांनी तिचं नाव मेरा ठेवलं.

शेवटची चढाई रात्री तीनला सुरू होते. खरी परीक्षा वाऱ्याची असते. बर्फ दिसतो तरी, वारा दिसत नाही. हवा शून्याखाली दहा अंश असेल आणि ताशी चाळीस किलोमीटरने वारा सुटला असेल, तर अंगाला ती थंडी उणे एकवीससारखी लागते. वर केदारकांठ्याच्या उंचीवर आपल्या खाडीकाठच्या मानाने हवेचा दाब एक तृतीयांशाहून जास्त कमी. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढा कमी. अशा वेळी शरीर हात-पाय सोडून देतं आणि पोटाला-काळजाला जपतं. आधी बोटं वळत नाहीत, मग पाय अडखळतात, मग जीभ जड होते. आणि गंमत अशी, की ज्याला हे होतं त्याला आपण ठणठणीत आहोत असंच वाटत असतं.

अकोल्याच्या मैत्रिणीला हेच झालं. शिखर समोर दिसत होतं. तिला हातमोज्याचा पट्टा लावता येईना आणि विचारलं तर ‘मी बरी आहे’ हे शब्दही तिला धड म्हणता येईनात. बरोबरचा गढवाली मुलगा जेमतेम पंचविशीचा असेल. त्याने तिच्याकडे टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाला, ‘दीदी, अब नीचे.’ चर्चा नाही, विनवणी नाही. एका साथीदाराला तिच्याबरोबर देऊन त्याने तिला खाली धाडलं. आमच्या मागच्या गटातल्या एका गृहस्थांनी तेवढ्यात शेरा मारलाच, ‘लेडीज आणल्या की हे असंच.’

मला तिथेच महाभारत आठवलं. शेवटच्या प्रवासाला पाच पांडव, द्रौपदी आणि एक कुत्रा असे सातजण हिमालय चढायला निघतात. सगळ्यात आधी कोण पडतं? द्रौपदी. भीम विचारतो, ही का पडली? युधिष्ठिर सांगतो, की अर्जुनावर तिचं जास्त प्रेम होतं, हा तिचा दोष. आणि तो पुढे चालत राहतो. मागे वळून पाहत नाही. शेवटपर्यंत बरोबर राहतो तो कुत्रा. आमच्याकडे मात्र काळा कुत्रा खाली उतरणाऱ्या बाईबरोबर गेला. त्यात फार अर्थ शोधू नका, तिच्या खिशात बिस्किटं होती.

पण द्रौपदी आधी का पडली, या प्रश्नाला युधिष्ठिराचं उत्तर मला कधीच पटलेलं नाही. परत आल्यावर अकोल्याच्या मैत्रिणीने रक्त तपासलं. हिमोग्लोबिन नऊच्याही खाली! रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे प्राणवायू वाहून नेणाऱ्या हातगाड्या. वर हवेतच माल कमी, त्यात गाड्याही निम्म्या. मग माणूस थकणार नाही तर काय? ही तिच्या एकटीची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्तच. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेलं खाणाऱ्या, दर महिन्याला रक्त जाणाऱ्या, दमल्या की ‘वयच झालं’ म्हणणाऱ्या बायकांचा हा आकडा आहे. घरी तो लपून जातो. साडेबारा हजार फुटांवर लपत नाही. विरळ हवेचा त्रास बाई की पुरुष हे बघून होत नाही. किती घाईने चढलात, किती पाणी प्यायलात, शरीराला सरावायला किती वेळ दिलात, यावर तो ठरतो. त्या गृहस्थांना हे सांगायचं राहूनच गेलं, कारण वर पोचल्यावर तेच डोकं धरून बसले होते.

आमच्या चौघींच्या ‘फिटनेस सर्टिफिकेट’वर डॉक्टरांचा शिक्का होता. चौघींपैकी एकीचंही रक्त तपासलेलं नव्हतं. आयोजकांनी कागद बघितला, फाईलला लावला. कोणते आयोजक ते महत्त्वाचं नाही, सगळीकडे हेच चालतं.

आणि हा मामला किती जिवावरचा आहे ते २०२४ च्या जूनमध्ये दिसलं. उत्तराखंडात साधारण पंधरा हजार फुटांवरच्या सहस्रतालला कर्नाटकातला बावीस जणांचा गट गेला होता. परतताना हिमवादळाने गाठलं. नऊ जण गारठून मेले, त्यातल्या सहा बायका. त्यात एक सत्तरी ओलांडलेल्या आजी होत्या. ही सगळी नवखी माणसं होती असंही नाही. दरी नाही, कडा नाही, कोसळणारा हिमकडाही नाही. वारा, थंडी आणि निवारा नसणं, एवढ्यावरच माणसं गेली. लगेच मंडळी म्हणायला लागली, या वयात कशाला जायचं? मला विचाराल तर वयाचा प्रश्न दुसरा. हवामान बिघडणार याचा अंदाज कुणी बघितला होता आणि मागे फिरायचं कुणी ठरवायचं होतं, हा पहिला.

अर्थात जाणत्या माणसांनाही डोंगर सोडत नाही. उत्तरकाशीच्या सविता कंसवालने २०२२ च्या मे महिन्यात सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू अशी दोन्ही शिखरं केली. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थींना घेऊन ती प्रशिक्षक म्हणून वर गेली आणि हिमप्रपातात गेली. २७ मृतदेह तेव्हा मिळाले, दोघे बेपत्ता होते. त्या शिखराचं नाव द्रौपदी का डांडा. पोटात कालवाकालव होते हे नाव वाचून.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांनी नोंदणी करावी असं त्यात आहे. पण व्हॉट्सअ‍ॅपवर एक रंगीत चित्र आणि पैसे भरायचा नंबर एवढ्यावर बॅच भरते. नोंदणी आहे का, असं विचारणारी बाई मला अजून भेटायची आहे. साडी घेताना आपण रंग जाईल का म्हणून चारदा विचारतो! गर्दीचं तर बोलायलाच नको. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथल्या बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली ती माणसांनी केलेल्या घाणीमुळेच.

त्या घाणीत आपली बिस्किटंही येतात. पायथ्याला कुत्र्यांना खायला घालायचं, ती मागे आली की फोटो काढायचे, आणि मोसम संपला की सगळे आपापल्या गावी. मग मार्चनंतर ती कुत्री काय खातात? लडाखमध्ये सैन्याच्या छावण्या आणि पर्यटकांच्या उष्ट्यावर वाढलेल्या कुत्र्यांचे कळप झाले आहेत. ते रानातल्या जनावरांवर तुटून पडतात, हिमबिबट्याला त्याच्या शिकारीवरून हुसकावतात, माणसांचेही जीव त्यांनी घेतले आहेत. आमच्या मीरा-भाईंदरच्या सोसायट्यांमध्ये कुत्र्यांना खाऊ घालण्यावरून हमरीतुमरी चालते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीबाबत आदेश दिला आणि तो बदलला, तेव्हा तर सभेत खुर्च्या उचलायच्या बाकी होत्या. पण इथे निदान भांडायला माणसं आहेत, निर्बीजीकरणाची गाडी कधीतरी येते. त्या डोंगरात कोण येणार? प्रेमाने घातलेलं बिस्किटसुद्धा तिथे कुणाच्या तरी मेंढ्यांवर शेकतं, असं सांकरीच्या एका म्हाताऱ्या बाईने आम्हाला सुनावलं. तिची दोन राखणीची कुत्री पर्यटकांच्या मागे लागून कळप सोडून गेली होती. आम्ही गुपचूप पुडे पिशवीत टाकले.

मागे फिरण्याबद्दल मात्र एक सांगायचंय. औरंगाबादची (आताचं छत्रपती संभाजीनगर) मनीषा वाघमारे २०१७ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्याच्या अगदी जवळून खराब हवेमुळे परत फिरली. लाखो रुपयांची मोहीम, डोक्यावर कर्ज, गावभर लागलेले फलक, आणि शिखर हाकेच्या अंतरावर. तरी फिरली. २०१८ च्या मे महिन्यात पुन्हा गेली आणि पोचली. २०१७ मध्ये हट्ट केला असता तर २०१८ कुठून आलं असतं?

म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकांना दोन-तीन गोष्टी तोंडावर विचाराच. किती जणींमागे एक वाटाड्या आहे? वाटेत शरीर सरावायला मोकळा दिवस ठेवलाय का, की सहा दिवसांचं चार दिवसांत उरकताय? प्राणवायूची नळकांडी बरोबर असते की पायथ्याच्या खोलीत? पाळी आली तर तंबूत कपडे बदलायची, मुताऱ्यांची सोय काय? हे विचारायला लाजू नका, डोंगरात ही लाज फार महाग पडते. कमी पाणी पिऊन बायका हे निभावतात, आणि मग डोकं दुखायला लागतं. आणि मुख्य म्हणजे, वाटाड्या ‘खाली’ म्हणाला तर त्याचं ऐकायचं की पैसे भरलेल्यांचं, हे आधीच ठरलेलं आहे का?

अकोल्याची मैत्रीण लोहाच्या गोळ्या घेते आहे. नाचणी आणि खजूर सुरू केलेत, आणि जेवायला सगळ्यांबरोबर बसते, यावर घरात थोडी कुरबूर झाली म्हणे. केदारकांठ्याचं नाव अजून काढत नाही. आधी कळसूबाईला जाऊन येऊ म्हणते, पावसाळा संपला की.